बाटलीची खुर्ची, बायकोची खुर्ची : व्यसनमुक्तीच्या गटात सायकोड्रामा कसा घ्यावा

व्यसनमुक्ती केंद्रात तिसऱ्यांदा दाखल झालेला रुग्ण व्यसनाबद्दल कधीकधी समुपदेशकापेक्षाही छान बोलतो. व्यसन हा आजार आहे, पहिला घोट टाळला की पुढचे सगळे टळतात, तलफ लाटेसारखी येते आणि ओसरते, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. त्याला एवढंच सांगा: 'शनिवार आहे, पगार झालाय, गेटबाहेर मित्र गाडी घेऊन उभा आहे. उठा, आणि काय कराल ते दाखवा.' तो उठतो, दोन पावलं टाकतो आणि अडखळतो. हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. मित्राकडे बघायचं की जमिनीकडे, तेही ठरत नाही. तोंडाला पाठ झालेलं अंगाला ठाऊकच नसतं. सायकोड्रामाचं, म्हणजे प्रसंग सांगण्याऐवजी गटासमोर करून दाखवण्याच्या उपचारपद्धतीचं काम नेमकं इथे सुरू होतं.

हा लेख केंद्रात नव्याने रुजू झालेले समुपदेशक, एमएसडब्ल्यूचे (समाजकार्याचे) विद्यार्थी आणि व्यसनातून बाहेर पडून कार्यकर्ते झालेले मित्र यांच्यासाठी आहे. घरी बसून एकट्याने करून पाहण्याची ही गोष्ट नाही.

थोडं मूळ. जेकब मोरेनो १८८९ मध्ये बुखारेस्टला जन्मला आणि व्हिएन्नात वाढला. संहितेशिवाय, उत्स्फूर्त नाटक करता करता त्याच्या लक्षात आलं की माणूस स्वतःचा प्रसंग सांगण्याऐवजी करून दाखवतो तेव्हा त्यातून वेगळंच काही बाहेर येतं. १९२५ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बीकन गावात त्याने मनोरुग्णालय काढलं. तिथे उपचारासाठी खास रंगमंच बांधलेला होता. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतच अल्कोहोलिक्स अनॉनिमस (दारू सोडू पाहणाऱ्यांचे आधारगट) सुरू झालं होतं. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यात स्वतःला पाहायचं, हे दोन्हीकडे समान आहे. आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तेव्हापासून गट, शेअरिंग आणि व्यसनमुक्त झालेल्यांनीच नव्यांना हात देणं ही पद्धत मराठी मुलखात चांगली रुजली आहे. तशी ही मंडळी सोंगाला नवखी नसतात. भारुडात वेडीचं सोंग घेऊन खरं बोलणारा माणूस गावाकडच्या रुग्णाने लहानपणीच पाहिलेला असतो.

आधी कुंपण ओळखा

सायकोड्रामा आणि भूमिका-सराव यांत फरक आहे. बालपणीचा मार, वडिलांचा मृत्यू, अत्याचार असे जुने घाव उघडणारा पूर्ण सायकोड्रामा घ्यायला शेकडो तासांचं प्रशिक्षण आणि वर कुणीतरी अनुभवी देखरेखीला लागतं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. नवख्याचा प्रांत भूमिका-सरावाचा, आजचा आणि उद्याचा: पगाराचा दिवस, चुलतभावाची हळद, घरी गेल्यावरची पहिली संध्याकाळ, मेडिकलवाल्याकडे नेहमीच्या गोळ्या न मागता परत फिरणं. हे छोटे प्रसंग कमी महत्त्वाचे आहेत असं समजू नका. नकार देण्याचा, तलफ झेलण्याचा सराव पुन्हा व्यसनाकडे वळणं टाळायला उपयोगी पडतो, याला संशोधनाचा बराच आधार आहे. नुसत्या सायकोड्रामाने व्यसन सुटतं, याला तेवढा भक्कम आधार नाही. म्हणून औषधं, डॉक्टर, कुटुंबाचं समुपदेशन आणि बाहेरचा फॉलोअप यांच्या जोडीने तो वापरायचा. त्यांच्याऐवजी नाही.

कोणाला केव्हा घ्यायचं

दारू थांबल्यावर ६ ते २४ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो, आणि भ्रम, भास, दिवस-रात्रीचं भान जाणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतं. गर्दची (ब्राउन शुगरची) टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, पहिल्या दिवसातच लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि आठवडाभरात उतरते. झोप मात्र पुढे बरेच दिवस लागत नाही. या काळात गटात नाट्य वगैरे काही नाही. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं तर माणूस मागे बसून ऐकेल, एवढंच.

डिटॉक्स (नशा अंगातून उतरण्याचा हा काळ) संपलं म्हणजे डोकं ताळ्यावर आलं असंही नाही. बरीच वर्षं पिणाऱ्याचं लक्ष आणि स्मरण आणखी दोन-तीन आठवडे कच्चं राहतं. त्याला एका दमात तीन सूचना दिल्या तर तिसरीच तेवढी लक्षात राहते. एक सूचना द्या, ती होऊ द्या, मग दुसरी. मुख्य पात्र म्हणून, म्हणजे स्वतःचा प्रसंग करून दाखवायला, त्याला साधारण दहाव्या-बाराव्या दिवसानंतर उभं करा.

यातून एक साधं गणित निघतं. निवास पाच आठवड्यांचा धरला तर हातात तीन आठवडे उरतात. आठवड्याला दोन सत्रं म्हणजे एकूण सहा. गटात दहा जण असतील तर प्रत्येकाला पूर्ण सत्र मिळणं शक्यच नाही. म्हणून दर सत्रात एक मोठा प्रसंग आणि दोन पाच-पाच मिनिटांचे छोटे प्रसंग, अशी विभागणी बरी पडते. सहायक भूमिका करणाऱ्यालाही उपचाराचा वाटा मिळतो, हे नवख्याला पहिल्यांदा पटत नाही. दुसऱ्याचा 'आग्रह करणारा मित्र' मनापासून करताना माणसाला स्वतःचा मित्र ऐकू येतो.

ज्यांना आवाज ऐकू येताहेत किंवा संशय बळावलाय (गांजा जास्त ओढणाऱ्यांत हे खास तपासा), ज्यांच्या मनात सध्या आत्महत्येचे विचार आहेत, ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झालाय, त्यांना मुख्य पात्र करू नका. जबरदस्तीने आणलेला आणि अजून धुमसत असलेला माणूसही पहिल्या आठवड्यात नको. तो सगळ्या गटाला आपल्या खटल्याचं न्यायालय बनवतो.

गट आणि खोली

आठ ते दहा माणसं. बारा झाली की दोघे-तिघे भिंतीला टेकून गायब होतात, आणि सहाच्या खाली सहायक पात्रं मिळत नाहीत. केंद्रात दर आठवड्याला नवा माणूस येतो, जुना जातो. म्हणजे गट उघडाच राहणार. त्यामुळे दर सत्राची सुरुवात नियमांनी करा, कंटाळा आला तरी. इथलं इथेच राहील, जेवणाच्या पंगतीतसुद्धा नाही. 'मला आज नको' म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला. अंगाला हात लावण्याआधी विचारायचं. खोटंखोटंही मारायचं नाही. फोन बाहेर. शेवटच्या नियमावर घासाघीस होऊ देऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि 'केंद्राच्या पेजसाठी एक फोटो' हा त्या हक्काचा भंगच आहे.

स्त्रियांचा गट वेगळा ठेवावा. पिणाऱ्या बाईला घरात आणि गावात जे ऐकावं लागतं ते पुरुषांसमोर ती सांगत नाही, आणि सांगितलं तर पुढच्या सत्राला येत नाही.

पंधरा फूट लांब-रुंद खोली पुरते. सतरंजी, हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या माणसांपेक्षा तीन-चार जास्त, वेगवेगळ्या रंगांच्या चार-पाच ओढण्या, एक खडू, भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं घड्याळ, प्यायला पाणी. ओढणीतून बायको, आई, साहेब, देवळाची पायरी, काहीही होतं. बाटली, ग्लास, लायटर, पन्नी (गर्द ओढायचा चंदेरी कागद) यातलं काहीही खोलीत आणायचं नाही, रिकामंसुद्धा. गर्द ओढणाऱ्याला पन्नीचा नुसता चुरचुर आवाज पुरतो. तोंडाला पाणी सुटतं, तळहात ओले होतात, आणि पुढचा अर्धा तास तुम्ही काय बोललात ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. बाटली दाखवायची तर हवेत हात धरून दाखवावी.

मोरेनोच्या पद्धतीत पाच घटक धरतात: रंगजागा, मुख्य पात्र, संचालक (म्हणजे तुम्ही), सहायक पात्रं आणि पाहणारा गट. खडूने अर्धवर्तुळ आखलं की रंगजागा तयार झाली. ही रेघ वाटते तेवढी क्षुल्लक नाही. रेघेच्या आत 'तिथे' आणि बाहेर 'इथे' हे माणसाला पायाने कळलं पाहिजे.

दोन तासांची वाटणी

नियमांना ५ मिनिटं, ऊब आणायला (वॉर्म-अप) २५, मुख्य प्रसंगाला ४०, छोट्या प्रसंगांना १०, भूमिका उतरवायला ५, शेअरिंगला ३५. यातला कुठला भाग कापायचा असं वेळेअभावी ठरवायची वेळ आली तर प्रसंग कापा, शेअरिंग कधीही नाही. नवे संचालक नेमकं उलटं करतात, कारण प्रसंग रंगलेला असतो आणि जेवणाची घंटा होते. मग माणूस उघडा पडलेला आणि गट गप्प, अशा अवस्थेत सगळे ताटं घेऊन रांगेत उभे राहतात.

*ऊब आणणं.* दार ते खिडकी अशी एक रेघ मनात धरा. दारापाशी शून्य, खिडकीपाशी दहा. 'काल रात्रीपासून तलफ किती आली? तिथे जाऊन उभे राहा.' माणसं हलतात, एकमेकांकडे बघतात, दोघे-तिघे अंक बदलतात. शेजारी उभ्या असलेल्याशी दोन मिनिटं बोलायला सांगा. मग दुसरा प्रश्न: 'घरी जायची भीती किती?' तलफ शून्यावर सांगणारे अनेक जण इथे तरातरा खिडकीकडे जातात. तुम्हाला सत्राचा विषय मिळाला.

दुसरा व्यायाम चार कोपऱ्यांचा. एका कोपऱ्यात राग आणि भांडण, दुसऱ्यात एकटेपणा आणि उदासी, तिसऱ्यात मित्रांचा आग्रह, चौथ्यात आनंदाचे प्रसंग: लग्न, जत्रा, गणपती. 'मागच्या वेळी सुटलेली कुठल्या कोपऱ्यात परत लागली?' अ‍ॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने पुन्हा व्यसनाकडे वळण्याचा अभ्यास केला तेव्हा त्रासदायक भावना, माणसांशी खटके आणि आग्रह या तीन दारांतूनच बहुतेक जण परत गेल्याचं दिसलं. रुग्ण मात्र सगळेच्या सगळे मित्रांच्या कोपऱ्यात गर्दी करतात. दोष बाहेर ठेवायला तो कोपरा सोयीचा असतो. तेव्हा विचारा, 'मित्र भेटला त्याच्या तासभर आधी काय झालं होतं?' निम्मी गर्दी हलते.

*मुख्य पात्र निवडणं.* तयार असलेले दोघे-तिघे एकेका वाक्यात आपला प्रसंग सांगतात. बाकीचे ज्याचा प्रसंग आपलासा वाटेल त्याच्यामागे जाऊन उभे राहतात. ज्याच्यामागे जास्त माणसं, तो आजचा. तुम्ही निवडू नका. संचालकाने निवडलेला माणूस संचालकासाठी नाटक करतो.

एक प्रसंग जवळून

समजा पगाराचा शनिवार आहे. आधी मुख्य पात्राबरोबर अर्धवर्तुळात फेरी मारा आणि चालता चालता विचारा. किती वाजले? काय घातलंय? जेवण कधी झालं? खिशात किती पैसे? फोन कुठल्या खिशात? उत्तरं वर्तमानकाळात घ्या. 'मी असायचो' म्हणाला तर 'मी आहे' असं करून घ्या. पाच-सहा तपशील झाले की माणूस खोलीतून गेटवर पोचतो. आवाजावरूनच कळतं.

गटातून मित्र त्यालाच निवडू द्या. मित्र कसा बोलतो ते निवडलेल्याला ठाऊक नसतं, म्हणून आधी अदलाबदल: मुख्य पात्राने मित्र होऊन दोन वाक्यं बोलायची, मग परत आपल्या जागी. आता सुरू.

'चल ना, एकच. पगार झालाय आज.'
'नको रे, औषध चालू आहे.'
'मग तू सोडा घे. बसायला काय जातंय?'
'…बरं, बसतो. पण घेणार नाही हं.'

इथे थांबवा. दारू अजून कुठेच आलेली नाही, तरी माणूस गेलेला आहे. तो 'बसतो' या शब्दाला गेला. गटाला हे सांगू नका, त्याला शोधू द्या. त्यासाठी तीन-चार साधनं आहेत.

पहिलं, स्वगत. प्रसंग गोठवा, मित्र गप्प. 'जे तोंडाने बोललात ते झालं. आता पोटात काय चाललंय ते मोठ्याने बोला.' 'तुमच्या भावना व्यक्त करा' असं म्हणालात तर तो वर्तमानपत्रातल्या मराठीत बोलायला लागेल. 'पोटात काय झालं?' म्हटलं की वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत, त्याच्या घरच्या बोलीत उत्तर येतं, आणि तेच हवं असतं.

दुसरं, पाठचा आवाज. गटातला एक जण त्याच्या खांद्यामागे उभा राहून त्याच्या वतीने 'मी' म्हणून बोलतो: 'मला खरं तर जायचंच आहे. मला फक्त कुणीतरी ओढून न्यायला हवंय.' मग तुम्ही विचारायचं, 'बरोबर आहे का? नसेल तर दुरुस्त करा.' ही दुरुस्तीची मुभा दिली नाही तर पाठचा आवाज म्हणजे नुसता आरोप होतो.

तिसरं, आरसा. मुख्य पात्राला रेघेबाहेर आणा, त्याच्या जागी दुसरा. त्याने आधी केलं तसंच हुबेहूब करायचं, चिडवायचं नाही. बाहेरून बघताना तो कधी हसतो, कधी म्हणतो, 'ह्याला नाही म्हणायचंच नाहीये.' हे वाक्य तुम्ही दहा वेळा सांगून उतरलं नसतं.

मग गटातले तिघे-चौघे एकेक मिनिट आत येऊन आपापल्या पद्धतीने नकार देऊन दाखवतात. मुख्य पात्र बघतो, एखादी उचलतो आणि पुन्हा करतो. दोन-तीनदा करू द्या.

नकार चांगला झाला हे कसं ओळखायचं? तो पहिल्या वाक्यात येतो. आवाज सपाट असतो. कारण दिलेलं नसतं, कारण प्रत्येक कारणाला मित्राकडे तोड असते. 'औषध चालू आहे' हा नकार तर औषध संपेल त्या दिवशी संपतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाय हलतात. 'नाही. मी सोडली आहे. निघतो.' आणि खरंच निघायचं, खडूच्या रेघेबाहेर. तोंडाने नाही म्हणून तिथेच उभा राहणारा माणूस अजून वाटाघाटीत आहे. डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असलेल्यांना इथेच आठवण करा: ती गोळी घेणाऱ्याने एक घोटही घेणं धोक्याचं आहे, आणि 'गोळीवर आहे' हे मित्राला सांगितलं तर 'मग दोन दिवस बंद कर ना' हा सल्ला ठरलेलाच.

प्रसंग संपला की भूमिका उतरवणं. मित्र झालेला माणूस ओढणी घडी करून ठेवतो, मुख्य पात्राकडे बघून म्हणतो, 'मी तुझा तो मित्र नाही. मी मीच आहे,' आणि आपलं नाव घेतो. हात झटकतो, जागा बदलतो. पोरखेळ वाटतो म्हणून हे गाळलं जातं. मग संध्याकाळी त्याच दोघांत भांडण होतं आणि कुणाला कारण कळत नाही.

शेअरिंग

इथे सल्ला नाही, विश्लेषण नाही, मुख्य पात्राला प्रश्न नाही. 'तू असं करायला हवं होतंस' म्हणणाऱ्याला हळूच अडवा आणि विचारा, 'तुमच्या बाबतीत हे कुठे झालं?' वाक्य 'मी'ने सुरू झालं पाहिजे. आधी सहायक पात्रांनी भूमिकेत काय जाणवलं ते सांगावं, मग पाहणाऱ्यांनी आपापलं. चाळीस मिनिटं गटासमोर उघडा पडलेला माणूस या भागात एकटा उरत नाही. रडू आलं म्हणून कुणी बरं होत नाही. 'माझंही असंच' हे आठ तोंडांनी ऐकलं की लाज थोडी सैल होते, आणि लाज हे पिण्याचं जुनं इंधन आहे.

तुम्ही स्वतः व्यसनातून बाहेर आलेले असाल तर तुमचंही सांगा, पण दोन मिनिटांत. संचालकाची कहाणी लांबली की गट श्रोता होतो.

बाटलीची खुर्ची

रिकामी खुर्ची समोर ठेवायची, त्यावर दारू (किंवा गर्द, गुटखा, गोळ्या) बसली आहे असं धरायचं आणि तिच्याशी बोलायचं. हा व्यायाम सगळीकडे लोकप्रिय आहे आणि सगळीकडे एकाच ठिकाणी फसतो. माणूस तिला निरोप द्यायला बसतो आणि पाच मिनिटांत प्रेमपत्र म्हणू लागतो: 'तू होतीस म्हणून मी ते दिवस काढले…' आठवणीत नेहमी पहिला पेग येतो, उलटी येत नाही. गटात शांतता पसरते आणि सगळ्यांना तलफ येते.

उपाय अदलाबदलीत आहे. दोन-तीन मिनिटांत त्याला उठवून बाटलीच्या खुर्चीवर बसवा. आता तो दारू. गटाने तिची मुलाखत घ्यायची. 'ह्याला कधी भेटलीस?' 'ह्याच्याकडून काय काय घेतलंस?' 'आता ह्याची वाट कुठे बघतेयस?' 'ह्याला फसवायला कुठलं वाक्य पुरतं?' शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खडूने भिंतीवर लिहून ठेवावं असं असतं. 'तू आता बरा झालास, एवढ्याने काय होतंय' हे वाक्य बहुधा येतंच. मग परत त्याच्या जागेवर बसवून त्या वाक्याला उत्तर द्यायला लावायचं. व्यायाम इथे संपवा आणि खुर्ची उचलून खोलीबाहेर ठेवून या. कोपऱ्यात राहिली तर माणसं तिच्याकडे बघत राहतात.

बायकोची खुर्ची

घरच्यांच्या प्रसंगात पहिला मोह माफीचा असतो. तो आवरा. माफी मागणं ही रुग्णाने वर्षानुवर्षं घोटलेली कला आहे. रात्री प्यायची, सकाळी पाय धरायचे. गटासमोर आणखी एक सुंदर माफी झाली तर त्याला बरं वाटतं, घरी काही बदलत नाही.

त्याऐवजी त्याला बायकोच्या खुर्चीवर बसवा आणि साधे प्रश्न विचारा. अहोजाहो करा, वहिनी म्हणा. 'वहिनी, रात्रीचे किती वाजले? तुम्ही जेवलात? मुलं कुठे झोपलीत? तुम्ही का जाग्या?' तो आधी ठरावीक उत्तरं देतो. मग एखादा तपशील निसटतो: 'गाडीचा आवाज आला की कडी काढायची की लावायची, ते आवाजावरून ठरवते.' इथे तुम्ही काही बोलू नका. घाईने पुढचा प्रश्न विचारणं ही नवख्याची सगळ्यात महागडी चूक आहे.

मारहाणीचा प्रसंग अंगाने करून दाखवू नका, कधीही. हात उचलायच्या आधी गोठवा आणि खुर्च्यांनी दाखवा: कोण कुठे उभं होतं, दार कुठे होतं, मूल कुठे होतं. आणि खऱ्या बायकोला या प्रसंगात आणू नका. तिच्या अंगावर तो प्रसंग होऊन गेलेला आहे. कुटुंबाचं एकत्र सत्र घ्यायचंच तर तिची वेगळी, एकांतात घेतलेली संमती हवी, आणि त्याआधी ती स्वतःच्या आधारगटात काही वेळा बसलेली असावी. नवऱ्यासमोर विचारलेल्या 'चालेल ना?'ला ती नाही म्हणू शकत नाही.

फसतं कुठे

विनोदवीर. प्रत्येक गटात एक असतो. दारुड्याची नक्कल आपल्याकडे हमखास टाळ्या घेते, आणि त्याने ती आयुष्यभर बारमध्ये वठवलेली असते. गट लोळून हसतो, सत्र पडतं. त्याला दामटू नका. 'छान. आता हाच माणूस घरी पोचला. दार वाजवा,' असं म्हणून दृश्य पुढे न्या. हसू आपोआप थांबतं.

रडण्याची भूक. संचालकाला वाटतं, कुणी रडलं तरच सत्र झालं. मग गटालाही ते कळतं आणि रुग्ण रडून दाखवायला लागतात. शांतपणे तीनदा नकार देऊन खाली बसलेला माणूस हे जास्त चांगलं सत्र.

घेराव. गटातले सगळे एका माणसावर तुटून पडतात, 'खोटं बोलतोयस' म्हणून. काही ठिकाणी हे मुद्दाम केलं जातं. 'मला व्यसन नाहीच' हा हेका अपमानाने मोडत नाही, माणूस फक्त गप्प होतो आणि तारखा मोजतो. अशा वेळी आरोप करणाऱ्यालाच त्याच्या जागेवर बसवा.

सहायक पात्राचं बिनसणं. दुसऱ्याच्या वडिलांची भूमिका करता करता एखादा स्वतःच्या वडिलांपाशी पोचतो. चेहरा गोठतो, संवाद तुटतात. तेव्हा प्रसंग थांबवून त्याला रेघेबाहेर आणा, पाय जमिनीवर दाबायला सांगा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. भूमिका दुसऱ्याला द्या. मुख्य पात्राला दोन मिनिटं थांबायला लागलं तर चालतं.

आणि अचानक जुना घाव. पगाराचा शनिवार चालू असताना माणूस एकदम आठ वर्षांचा होतो आणि आईला हाक मारतो. खोल जाऊ नका. 'हे मोठं आहे, याला वेगळा वेळ देऊ,' असं स्पष्ट सांगून वर्तमानात परत आणा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाच्या कानावर घाला.

सत्र संपल्यानंतर

सत्र संध्याकाळी उशिरा ठेवू नका. दुपारी चारला सुरू केलं तर जेवणापर्यंत माणसं थंड होतात. मुख्य पात्राशी पंधरा मिनिटं वेगळं बोला. रात्रपाळीच्या माणसाला त्याचं नाव सांगून ठेवा, प्रसंग नको. केंद्रातून पळून जाण्याचा किंवा गेटवर हुज्जत घालण्याचा धोका अशा रात्री वाढतो. दुसऱ्या सकाळी गटाची दहा मिनिटांची फेरी घ्या: झोप कशी लागली, तलफ शून्य ते दहात किती.

नोंद त्याच दिवशी लिहा: कोण हजर, विषय काय, कुणी कुठली भूमिका केली, कुठे अडलं, पुढच्या वेळी काय. रुग्णाचे शब्द त्याच्याच भाषेत लिहा. बायकोचं, साहेबाचं नाव लिहू नका.

घरी जाण्याआधीच्या शेवटच्या सत्रात तारखा घ्या. पुढच्या तीन महिन्यांच्या कॅलेंडरवर प्रत्येकाने आपल्या धोक्याच्या तारखांवर बोट ठेवायचं: पगार, हळद, विसर्जनाची मिरवणूक, एकतीस डिसेंबर, बापाचं वर्षश्राद्ध. त्यातली सगळ्यात जवळची उचलून करून घ्या. आणि एक प्रसंग सगळ्यांकडून करून घ्या, तो म्हणजे फोन. कागदावर तीन नंबर लिहायचे: फॉलोअप गटातला एक मित्र, केंद्र, आणि सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. मन फार खचलं तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. नंबर सगळ्यांकडे असतात, पण तलफ आल्यावर फोन लावायला बोट धजत नाही. म्हणून फोन लावण्याचाच सराव: खोलीच्या एका टोकाला तलफ आलेला माणूस, दुसऱ्या टोकाला पाठ करून बसलेला मित्र. पहिलं वाक्य ठरवून ठेवायचं, सात-आठ शब्दांचं. 'मला आत्ता प्यावीशी वाटतेय, पाच मिनिटं बोल.' बहुतेक जण पहिल्या वेळी 'काय चाललंय, सहज केला' असं म्हणतात. तेव्हा मित्राने फोन ठेवायचा, आणि त्याने पुन्हा लावायचा.